प, ब, भ, म

३ फेब्रुवारी, सोमवार

आठ जण आहेत क्लासात, माझ्यासकट. सात मठ्ठ!

मुलाने परस्पर नाव घातलं. ‘आई, कानातलं मशीन तू लावत नाहीस, निदान ओठ वाचायला तरी शीक.’ हे त्याने फोनवर टाइप करून माझ्या नाकासमोर धरलं. शेजारी बसून! हल्ली या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, मला दाखवतात. आणि मशीन कशाला लावू? लावलं की भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढतो, माणसं पुटपुटायची ती पुटपुटतातच.

शिकवणारी बाई म्हणजे कालची पोर. फळ्यावर लिहिलं – पाप, बाप, माप. मग आवाज न काढता तिन्ही म्हणून दाखवले. तिन्हींना तोंड एकच. खाली लिहिलं – ‘प, ब, भ, म : ओठ मिटतात, पुढचं दिसत नाही. मागचंपुढचं बघून ओळखा. शंका असेल तर तोंडापुढे तळहात धरा. भ ला वाफ लागते, म ला लागत नाही.’ झालं! सगळे आपापल्या हातावर भ भ भ करत सुटले. काय ती शोभा! मी नाही केलं. ज्यांना बघता येत नाही त्यांनी चाचपडावं.

मी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. नुसत्या ‘हॅलो’वरून सांगायचे, पलीकडचा खरं बोलणार की थापा मारणार. कान गेले, अक्कल शाबूत आहे.

६ फेब्रुवारी

आवाज बंद करून सकाळपासून बातम्या बघितल्या. बातम्या देणारी म्हणजे मोठ्या टायपातलं पुस्तक. सोपं! मग घरातली तोंडं घेतली अभ्यासाला. मुलगा म्हणजे नुसतं गिचमिड. खालचा ओठ हलतो, वरचा रजेवर. लहानपणी याला ‘स्पष्ट बोल’ म्हणून किती घसा फोडला असेल मी! सून मात्र – बाकी काहीही असो – छपाई सुरेख. एकेक अक्षर सुटं. पण त्या छपाईत माझ्या वाट्याला काय येतं? ‘काही नाही.’ दोघं खदाखदा हसतात, मी विचारते काय झालं, तर – ‘काही नाही, नंतर सांगते.’ यांची सगळी नंतरं साठवली असती तर माळा भरला असता.

मला परत बोलण्यात घ्या, एवढंच हवंय मला. त्यासाठी ही थेरं या वयात.

१० फेब्रुवारी

जोडीला मिशाळ दिलाय. रिटायर्ड बँक मॅनेजर. मिशी अशी ओठांवर उतरलेली, जसं काही छापल्या पानावर शाईची दौत सांडलीय. वाचायचं काय, कपाळ! म्हटलं, मिशी काढा आधी. त्याने वहीत लिहून दाखवलं, ‘बायको घरात घेणार नाही.’ आणि स्वतःच हसत बसला. विनोदी समजतो स्वतःला.

बाईचं तेच टुमणं – मागचंपुढचं बघा, मागचंपुढचं बघा. बाई गं, अक्षर दिसत असताना मागेपुढे कशाला बघू?

१२ फेब्रुवारी

बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघींचं भांडण अथपासून इतिपर्यंत वाचलं. दोघीही मूर्ख!

१३ फेब्रुवारी

सकाळी शेजारीण आली. सुनेने चहा दिला – चहा कसला, रंगीत पाणी. शेजारणीच्या कानाशी लागून हळूच म्हटलं, ‘हिला हिच्या आईने काही शिकवलेलंच नाही.’ शेजारीण अशी दचकली की अर्धा चहा बशीत. भित्रट बाई.

दुपारी. विसरायच्या आत लिहून ठेवते. गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. काचेच्या दाराआड स्वयंपाकघरात दोघं. मुलाच्या हातात माझी गुडघा शेकायची रबरी पिशवी. सुनेचं तोंड माझ्याकडे, उजेड नेमका तोंडावर. एवढं स्वच्छ पान मला आजवर मिळालं नव्हतं.

‘त्यांना मरू दे.’

मुलगा काहीतरी म्हणाला. त्याचं काय दिसणार! तिने मान झटकली. ‘मरू दे म्हटलं ना!’

म्हणजे हे असं आहे तर. चहा पाणचट आणि जीभ अशी! आणि माझा चिरंजीव? ऐकून घेतलं गुपचूप. शेळपट!

१४ फेब्रुवारी

बहिणीला मेसेज केला. कायमची येते. तिचं लगेच उत्तर, ये. गुरुवारची गाडी ठरवली. बॅग भरायला काढली तसा मुलगा घाबराघुबरा. फोन नाकासमोर – ‘आई, काय झालं?’

म्हटलं, ‘काही नाही. नंतर सांगते.’

तोंड बघण्यासारखं झालं होतं! घे, चाख जरा. सून नुसती दारात उभी राहून बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं नाही. न बघितलं की माझ्यापुरतं जग बंद होतं, ही एक सोय आहे बहिरेपणात. पण रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. हे घर सोडून कुठे जायचं होतं मला!

१७ फेब्रुवारी

क्लासला शेवटचं जाऊन आले. कुणाचा निरोप घ्यायला नव्हे, त्या मठ्ठांना एकदा दाखवून द्यायला. बाईने आवाज न काढता एक वाक्य म्हटलं. कोणाला येईना. मी हात वर केला, खणखणीत सांगितलं – ‘नळाला पाणी आलं की मरून ठेव.’

हसले सगळे! मिशाळ तर टेबल बडवायला लागला. बाईने फळ्यावर लिहिलं – भरून ठेव.

हसा म्हटलं, हसा. बसमध्ये बसले, तिकीट काढलं आणि एकदम आठवलं. पिशवी! मुलाच्या हातात ती रबरी पिशवी होती. रिकामी, लोंबणारी. ‘त्यांना भरू दे.’ माझी पिशवी मी भरावी, एवढंच म्हणत होती ती!

शी! पहिल्या दिवशी शिकवलेलं. आठवी मठ्ठ मीच.

१८ फेब्रुवारी

बॅग अर्धी उपसली. पुन्हा भरली. सुनेला सांगणार काय? की बाई, चार दिवस मी तुला मनातल्या मनात फाडून खाल्लं आणि तू पिशवीबद्दल बोलत होतीस? तिने केलेला चहा आज सगळा प्यायले. वाईटच होता. उद्या सांगते तिला. ‘नंतर’ नाही, उद्याच.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. मी मरू दे वाचलं, तू भरू दे म्हणाली होतीस, माझं चुकलं.

तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर उजेडात बसली. माझा हात धरून तळवा स्वतःच्या तोंडापुढे नेला आणि तोच शब्द म्हणाली. वाफ लागली नाही.

मी हात काढायला गेले, तिने सोडला नाही. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून – ‘आई, मी मरू देच म्हणाले. तुमचं ते हळूच बोलणं सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. राग आला, म्हणाले. नको होतं म्हणायला. पण माझ्या आईला पुन्हा काही बोललात तर पुन्हा म्हणेन.’

वर्षभरात या घरात माझ्याशी कोणी एवढं लांबलचक बोललं नव्हतं. आणि त्यातलं एक अक्षर चुकलं नाही माझं!

बॅग माळ्यावर टाकायला लावली मुलाला. बहिणीला कळवलं, येत नाही. तिने विचारलं, काय झालं? सगळं लिहून पाठवलं.