एकाच नावाची दोन फंक्शनं

सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

आदिनाथदादांना ऋतुजाचा नमस्कार.

मंद्रूपला सगळे खुशाल ना? वहिनींनी स्टेटसला शेळीची जुळी पिल्लं टाकलेली पाहिली, लई गोड आहेत. फोन चारदा लावला आणि तुम्ही उचलायच्या आतच कट केला. बोलायला तोंड नाही, म्हणून कागदावर लिहितेय.

ड्रॉइंग ऑफिसात तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. सगळे म्हणतात, प्रगती झाली. कसली डोंबलाची प्रगती!

दादा, जूनमधली ती टाकी. ग्राहकानं पत्र्याची जाडी आठवरून दहा मिलिमीटर केली होती. ड्रॉइंग सेव्ह केलं की खालच्या तक्त्यात नवी जाडी आपोआप भरणारं फंक्शन, तो कॉम्प्युटरमधला छोटा प्रोग्राम, तुम्हीच लिहिलेला. तरी तक्त्यात आठच राहिले, पत्रे आठचेच कापले गेले आणि साहेब सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले, "सतरा वर्षं काय माशा मारल्या व्हय?" तुम्ही डबा उचलला आणि गेलात.

ती चूक माझी होती.

सेव्ह केल्यावर तारीख टाकणारं एक फंक्शन मी आदल्याच आठवड्यात लिहिलं होतं. तुमच्या फाइलची नक्कल केली, आतलं बदललं, नाव तेच ठेवलं: 'सेव्ह_झालं'. वर ते माझ्या फाइलपुरतं न ठेवता सगळीकडं मोकळं सोडलं. एका नावाची दोन आली की नंतरचं चालतं, आधीचं गपगार; म्हणून तुमचं जाडी भरणारं चाललंच नाही. तुम्ही कितींदा बजावलं होतं, "पोरी, नावापुढं आपली अक्षरं लाव, आन् आपल्यापुरतंच ठेव की." मला वाटायचं, काय ही म्हातारी शिस्त!

जुलैमध्येच हे मला सापडलं होतं. चार महिने मूग गिळून बसले. घरी पेढेसुद्धा वाटले. लाज वाटते दादा.

परवा एका कारखान्यातून साहेबांना तुमच्याबद्दल विचारायला फोन आला. साहेब माझ्यासमोर म्हणाले, "त्यांची नजर गेलीय, घेऊ नका." तेव्हा मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "झालं गेलं. आता कशाला उकरतीस?"

म्हणून मीच त्या कारखान्याला पत्र लिहिलं, दोन्ही फाइली छापून जोडल्या आणि आज पोस्टात टाकलं. त्याची प्रत सोबत आहे. माझी नोकरी राहील असं वाटत नाही.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुम्ही भोगलेली शिक्षा जिची होती, ती
ऋतुजा