खिळ्यावरची पट्टी

मंगळवार, ७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, लगेच पाघळू नकोस. इकडे सगळे ठीक. तुझी वहिनी तुझी चौकशी करत नाही, मीही सांगत नाही.

दादाने बाबांच्या गाडीचा स्टार्टर मुद्दाम बिघडवला, असं तू सांगत सुटला आहेस म्हणे. स्पेअर पार्टवाल्याने बातमी दिली. तो दोघांकडेही चहा पितो. शाबास! इंजिन तू बसवलंस. गाडी सुरू झाली तर कारागीर तू, नाही झाली तर हरामखोर मी.

रविवारी त्याच गाडीतून दवाखान्यातून घरी न्यायचा शब्द तू बाबांना देऊन बसलास. ते नर्सलासुद्धा सांगतात, "माझी गाडी येणार आहे." म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी नव्हे.

काल ताईने तुझ्या गॅरेजातून फोन केला आणि बॉनेटपाशी धरला. तूच तिला सांगितलंस, हे मला कळणार नाही असं दोघांनाही वाटलं. किल्ली फिरली, एकच 'टक', मग तुझी शिवी. शिवी दणकट होती, 'टक' मरतुकडी. दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत, स्टार्टर बाहेर काढून थेट बॅटरीला जोडला की गरगर फिरतो. बॅटरीही नवी आणलीस. आता गाडीच नवी आणायची राहिली.

किल्ली फिरवून झाली की अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघ. चटका बसेल. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी नाही, म्हणून करंट बिचारा केबलमधून वाट काढतोय.

तू विसरलास असं मी म्हणणार नाही. तुला ती ठाऊकच नाही. इतकी वर्षं इंजिनं चढवली-उतरवली, तू वरून, मी गाडीखालून. तू हात पुसून गिऱ्हाइकाशी गप्पा हाणायचास तेव्हा मी खाली ती पट्टी आवळत असायचो. बाबा आपल्याला 'वरचा' आणि 'खालचा' म्हणतात ते उगाच नाही.

या गाडीचं इंजिन माझ्याकडे उतरलं. मग आपलं वाजलं. इंजिन टेम्पोत घालून, गाडी दोरीने ओढत तू निघालास. गेटमधून वळत होतास तेव्हाच भिंतीच्या खिळ्यावर टांगलेली, इंजिनाबरोबर काढलेली पट्टी मला दिसली. हाक मारली नाही. म्हटलं, येईल.

आला नाहीस.

पट्टी बाजारात मिळते. आण, लाव, गाडी उठेल. पण बाबा बॉनेट उघडून, टॉर्च मारून तळापर्यंत बघितल्याशिवाय गाडीत बसत नाहीत. नवी पट्टी चमकली की विचारतील, "खालचा कुठे होता?" काय सांगायचं ते तू ठरव.

जुनी हवी असेल तर शटर उघडं असतं. यायचं, काढायची, चालू लागायचं. चहा विचारणार नाही. बोलणार तर मुळीच नाही. लावायला मात्र पाठ जमिनीला टेकवावी लागते, आणि तुला ती सवय नाही.

शनिवारी मी दिवसभर गॅरेजातच आहे. माझ्या कामासाठी.

तुझा नव्हे, बाबांचा,
खालचा