तेरा बिबडे, बारा जागा

धुळे, वैशाख वद्य चतुर्थी, सन १९३१

प्रिय प्रमिलेस झुंबरचा मनापासून नमस्कार.

आज सकाळपासून भुसावळचं आपलं कॉन्व्हेंट डोळ्यांपुढे आहे. भूमितीचा तास, खिडकीबाहेर कडुनिंब, आणि तू भिंतीकडे तोंड करून उभी. शिक्षा कशाची होती ते आता आठवत नाही, पण मी मागून तुझ्या मुठीत चिंच सरकवली आणि तू ती आवाज न करता चघळलीस, हे आठवतं. पंचेचाळीस वर्षं झाली. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भाऊसाहेबांचा खोकला? तुमच्या छापखान्यातल्या शाईच्या वासाला त्यांनी आता तरी थोडं लांब राहावं. आमच्याकडे सगळे खुशाल, फक्त मी रागानं पेटलेली आहे.

आमच्या यांनी स्थापन केलेलं गणित मंडळ तुला ठाऊक आहेच. दर रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात पंचवीस सभासद, पंचवीस बस्करं, पाच रांगांत पाच-पाच. एक जण फळ्यापाशी उभा राहून निबंध वाचतो, बाकीचे शंका काढतात आणि चहा मी पाठवते. (बायकांनी आतल्या दारामागून ऐकावं असा नियम आहे. नियम करताना दारामागे मीच होते.) अध्यक्ष पंडित मास्तर, निवृत्त हेडमास्तर. पंडित हे त्यांचं नाव आहे, पदवी नव्हे, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. माघात मूळ संख्यांवर छान निबंध सुरू झाला होता. मी भाकरी थापता थापता ऐकत असे, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मी पुन्हा अकरा वर्षांची होत असे. पण उन्हाळा लागला, खिडकीजवळच्या बस्करांवरून भांडणं लागली आणि मास्तरांनी तोड काढली. पहिला निबंध संपला की प्रत्येकानं एक जागा सरकायचं: पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे. तिरकं जायचं नाही आणि कुणीही जागच्या जागी राहायचं नाही.

सोपं वाटतं ना? पहिल्या रविवारी दोघे एकाच बस्करावर बसले. दुसऱ्या रविवारी दौत सांडली, आणि ती माझ्या आईच्या सतरंजीवर. दर खेपेला एक जण उरायचाच, आणि बहुतेक वेळा तो निंबा आप्पा असायचा. कापसाचा व्यापारी, अंगानं भरलेला, सरकायला सगळ्यांत मंद. मधोमध उभा राहून बिचारा म्हणायचा, "बठ्ठा सरकी ग्यात, मी कथा जाऊ?" सगळे सरकल्यावर तो कुठे जाणार! मास्तर म्हणत की क्रम चुकतो आहे, क्रम सापडेल. मूळ संख्या राहिल्या बाजूला आणि हे विद्वान सात रविवार फळ्यावर बाण काढत बसले. चूक आपल्या सरकण्यात नसून प्रश्नातच असेल, हे पंचविसांतल्या एकाच्याही मनात आलं नाही.

सातव्या रविवारी मी अंगणात बाजेवर वाळवण घालत होते. पाच ओळी, पाच-पाच, एक ज्वारीचा पांढरा बिबडा, शेजारी एक नागलीचा तांबूस पापड, पुन्हा बिबडा. घालून झाल्यावर मोजले, तर बिबडे तेरा, पापड बारा. आणि माझा हात थांबला. बिबड्याच्या पुढे पापड, मागे पापड, डावी-उजवीकडे पापडच. म्हणजे प्रत्येक बिबड्याला सरकायचं तर पापडाच्याच जागी जावं लागणार, आणि त्या जागा बाराच. क्रम कोणताही घ्या, एक उरणारच. मी सुपात थोडे बिबडे-पापड घेतले आणि थेट दिवाणखान्यात गेले. (हो, दारापुढे.) पंचवीस माणसं बघत राहिली. मी म्हटलं, "मास्तर, तेरा बिबडे बारा जागांवर बसत नाहीत." सगळं उलगडून सांगितलं. निंबा आप्पा तेवढा म्हणाला, "वैनी, हाई खरं शे." मास्तर म्हणाले, "वहिनी, हे वाळवण झालं. सिद्धता नव्हे."

पुढच्या रविवारी त्यांनी निबंध वाचला. बिबड्याला 'पांढरं घर' म्हणाले, पापडाला 'तांबडं घर', आणि टाळ्या पडल्या. शेवटी एक ओळ होती: "ही युक्ती प्रस्तुत लेखकास एका घरगुती प्रसंगावरून सुचली." प्रमिले, मी छप्पन्न वर्षांची आहे, दोन मुली उजवल्या, आणि मी घरगुती प्रसंग! यांना म्हटलं, तर म्हणाले, मंडळाची शोभा राहू दे. त्या दिवशी मी चहात साखर घातली नाही. पंचवीस जणांनी तो मुकाट्यानं प्यायला. इतकी शोभा.

तुझी,
झुंबर

ता. क. हा निबंध सोमवारी तुमच्याच छापखान्यात येतो आहे. पंचवीस प्रती. एकदा छापला की मी जन्मभर प्रसंगच राहीन. भाऊसाहेबांना सांगून ती ओळ काढ आणि तिथे माझं नाव जुळवायला सांग. मास्तरांशी भांडायला मी आहे.

आणखी ता. क. वरचं लिहून तुझ्यासाठी वाळवणाचा डबा भरत होते आणि ती शिक्षा आठवली. वर्गात आपण पंचवीस मुली होतो, पाच रांगांत पाच-पाच, बाकाला एक. सिस्टरनी सगळ्यांना शेजारच्या बाकावर सरकायला सांगितलं आणि तू उठून म्हणालीस, "एक मुलगी उरेल, सिस्टर." उरलीस ती तूच, भिंतीपाशी. युक्ती तुझी होती गं. मी इतकी वर्षं ती चिंच लक्षात ठेवली आणि वाक्य विसरले. आता मास्तरांवर किती रागवावं तेच कळेना, पण रागावणार आहे. त्या ओळीत दोन्ही नावं घाल, तुझं आधी.

डब्यातले तेरा बिबडे तुझे, बारा पापड भाऊसाहेबांचे. (तेलात तळू नको, खोकला आहे. भाजून दे.) प्रतींपैकी एक निंबा आप्पाला, बाकी मंडळाला, आणि मास्तरांना सगळ्यांत शेवटी. पहिली प्रत भुसावळला सिस्टरना. त्यांची सत्तरी उलटली, नजर गेली आहे, म्हणून तू स्वतः जा आणि ती ओळ वाचून दाखव. आणि या खेपेला त्यांनी सांगायची वाट बघू नकोस. आधी खुर्ची ओढून बस.