अँटेना धरणारा

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार
मार्लिसला फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी टीव्हीवर कोल्हा आहे. "माहीत आहे, वेंडेल." मी येऊ का, हे विचारायचं राहूनच गेलं. तिनेही ये म्हटलं नाही. मुलांच्या बुटांबद्दल बोललो आणि फोन ठेवला.

५ डिसेंबर
मार्लिस आणि मुलांपासून वेगळं राहून पंधरवडा झाला. "थोडे दिवस," असं म्हणाली होती. थोडे म्हणजे किती, ते विचारायची सोय नाही.

मिसेस हालवर्सनची माडीवरची भाड्याची खोली तशी बरी आहे. ऊबही आहे. संध्याकाळी मात्र काय करायचं तेच कळत नाही. गिरणीतून आलो की पलंगावर बसून राहतो.

७ डिसेंबर
आज डबा खाताना सगळ्यांचा तोच विषय. कोणाच्या घरी कोल्ह्याच्या रात्री पॅनकेक असतात, कोणाच्या घरी पोरं नवे पायजमे घालून बसतात. वर्षातून एकदाच लागतो, चुकला की पुढच्या नाताळापर्यंत थांबा. त्या कार्टूनमधल्या शेपूट नसलेल्या कोल्ह्यासाठी अख्खं मिनेसोटा घरी बसतं!

मला विचारलं, "तुमच्याकडे काय असतं रे?"
म्हटलं, आमच्याकडे मी अँटेना धरतो.
सगळे हसले. पण खरंच आहे ते. आमच्या टीव्हीवर त्या वाहिनीला नुसत्या मुंग्या. पहिल्या वर्षी ज्यूडी रडायला लागली, म्हणून मी टीव्हीच्या बाजूला उभा राहिलो, अँटेनाची दोन्ही शिंगं हातात धरली, आणि चित्र आलं. तेव्हापासून दर वर्षी तासभर तसाच उभा. एरवी मी टीव्हीपुढे बसतच नाही.

आठ वर्षांत कोल्हा पाहिला म्हणून नाही. ह्या तिघांचे चेहरे पाहिले. अस्वल येतं तेव्हा डीन उशीमागे जातो. ज्यूडी सगळे संवाद ओठातल्या ओठात म्हणते. शेवटी मार्लिस डोळे पुसते आणि म्हणते, सर्दी झाली आहे.

९ डिसेंबर
यंदा कोण धरणार? डीन सहा वर्षांचा, त्याचा हात पोचत नाही. मार्लिसला इतका वेळ उभं राहवत नाही. अडेल त्यांचं, नक्की अडेल. मग फोन येईल.

असं वाटणं वाईट आहे. पण वाटतं.

११ डिसेंबर
गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. केस कापून आलो. मिसेस हालवर्सन म्हणाल्या, "उद्या खाली या माझ्याकडे टीव्ही बघायला. की दुसरीकडे जायचं आहे? फार चकाचक दिसताय!" म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

१२ डिसेंबर, रविवार
फोन आला नाही.

सुरू व्हायच्या आधी गाडी काढून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. खिडकीत दिवा होता. दार वाजवायला काय हरकत होती? माझंच तर घर. पण न बोलावता गेलो आणि मार्लिसच्या कपाळाला आठी पडली तर? मुलांसमोर? गाडी वळवली.

शेवटी मिसेस हालवर्सनकडे बसलो. त्यांच्या छपरावर मोठी अँटेना आहे, चित्र लख्ख. मला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्या म्हणाल्या, "अहो, टेका की जरा. खांबासारखे काय बसलात?"

आणि गंमत म्हणजे, तो जाडा आवाज ऐकून ज्याला मी आठ वर्षं घुबड समजत होतो, तो चक्क उंदीर निघाला! हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पुढे अस्वल आलं, आणि मी सवयीने सोफ्याकडे बघितलं. तिथे मिसेस हालवर्सनचं विणकाम पडलं होतं.

चांगला आहे कार्यक्रम. मला रडू आलं. त्यांनी बशीतली बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

१३ डिसेंबर
दिवसभर एकच डोक्यात. मुंग्या बघत बसली असतील बिचारी. मी जायला हवं होतं.

१४ डिसेंबर
फोन ज्यूडीने उचलला. म्हटलं, बाळा, कोल्हा नीट दिसला नसेल ना?
"दिसला की. मस्त दिसला."
"अँटेना कोणी धरली?"
"कोणीच नाही." मग म्हणाली, "डॅडी, तो टीव्हीचा नवा टॉवर झाल्यापासून धरावी लागतच नाही. मागे तू मध्येच शिंकलास, हात सुटला, तरी चित्र तसंच होतं. मम्मी म्हणाली, त्याला सांगायचं नाही."
"का?"
"ती म्हणाली, त्याला वाटेल तेव्हा तो आपणहून येऊन बसेल. तुझी जागा ठेवायचो ना आम्ही सोफ्यावर, दर वर्षी."
मी विचारलं, आणि यंदा?
"यंदा डीन आडवा झाला तिथे."