पहिलं तिकीट

३ नोव्हेंबर

काय गाव आहे हे! जुन्या स्टेशनची खोली रेल्वेनं सोडली, तर ती पाडून तिथं म्हणे दुकानगाळे! सरपंच इंद्रजित म्हणतो, "तात्या, त्या खोलीत आता पालीबी ऱ्हात न्हाईत." रविवारी ग्रामसभा. मी बोलणार. वाचनालयच झालं पाहिजे तिथं!

५ नोव्हेंबर

भाषणाची तालीम. आरंभ नेहमीचा — "माझे आजोबा दत्तोबा रुळांवर आडवे झाले, म्हणून हे स्टेशन मिळालं!" पिंपळीपासून सणसरपर्यंत या वाक्यानं टाळ्या घेतल्यात. ओसरीवर ठमाकाकू शेंगा सोलत होती. सत्याऐंशीची झाली, कान मात्र शाबूत. फिसकन हसली.

"आडवं झालं ते खरं. पण स्टेशन नगं म्हणून! धुरानं वांगी करपतील म्हणायचं मामंजी."

मी गार!

"आन् पयलं तिकीट कुणी काढलं? तुझ्या आजीनं, झुंबरनं! मामंजी मळ्यात रुसून बसलं, आन् ती वांग्याची पाटी घिऊन गाडीत. थेट बारामतीचा बाजार."

८ नोव्हेंबर

जन्मभर लोकांना म्हणत आलो, सत्य सांगा. आता माझी पाळी. पण उद्या हसं झालं तर खोलीही जाईल!

९ नोव्हेंबर

सगळं सांगून टाकलं. अख्खी सभा हसली. इंद्रजित म्हणाला, "म्हंजी तुमचं घराणं आधीपास्नंच विरोधी पक्षात!" मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायकांतून दिपाली उठली — "झुंबरआजीनं तिकीट घेतल्याली खिडकी आमी पाडू देणार न्हाय!" पाठोपाठ सगळ्या बायकांचे हात वर. मग पुरुषांचे. इंद्रजितचाही! जिंकलो!

१२ नोव्हेंबर

युवराज पेंटरनं फलक रंगवला — 'झुंबर वाचनालय'. उद्या उद्घाटन. चाळीस मिनिटांचं भाषण तयार. काकूला पेढा दिला. तो हातातच धरून बसली.

"एक सांगू? सासूबाई त्या दिशी घरातच हुत्या. पाटी माझ्या डोक्यावर हुती."

"मग आजीचं नाव का घेतलंस?"

"सुनेनं सासूच्या आधी गाडीत बसल्यालं कुणी सांगतं व्हय?"

१३ नोव्हेंबर

सकाळीच युवराजला फलक पुन्हा रंगवायला बसवलं. माझं भाषण रद्द. माइक ठमाकाकूच्या हातात!