हा स्फटिक जळगावचा

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

अजून राग उतरलेला नाही. माझं पीएच.डी.चं काम बघायला आज बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते. मी वाढवलेला अतिवाहकाचा, म्हणजे सुपरकंडक्टरचा, काळा स्फटिक चिमट्यात धरून त्यांनी विचारलं, "हा कुठून मागवलात?"

"मागवला नाही, सर. इथेच, वितळलेल्या मिठात वाढवला."

"जळगावात?" ते हसले. आणि माझे मार्गदर्शक शेजारी उभे राहून गप्प! लाइट गेली, भट्टी थंड पडली की माझ्याइतकेच हळहळणारे सर. मग आज गप्प का?

"चला, दाखवते," मीच म्हटलं. काल भट्टीतून काढलेली मूस मिठासकट तशीच होती. आत काही निघालंच नसतं तर? तरी त्यांच्यासमोर तिच्यात गरम पाणी ओतलं. मीठ हळूहळू विरघळलं आणि तळाशी नखाएवढी काळी चकती चमकली.

प्राध्यापक वाकून बघत राहिले. "लहान आहे," म्हणाले.

"लहान आहे, पण जळगावचा आहे."

ते गेल्यावर सर म्हणाले, "छान बोललीस."

"तुम्ही का नाही बोललात, सर?"

त्यांनी चष्मा पुसला.

धुळ्याला आईला फोन करून सगळ्यांसमोर काय बोलले ते सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठासना समोर बोलनी ना तू? मंग बस."

उद्या नवी मूस भरणार आहे, आधीपेक्षा मोठी. सरांना विचारणार नाही. सांगणार आहे.