तानाजी "पैलवान" यांचं नाव

सांगली, मंगळवार संध्याकाळ

चाललं! हळदीच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या छापायला प्रत्येक अडत्याला वेगळा प्रोग्राम लागतो, आणि तो माझा प्रोग्रामच लिहितो. आजवर कोडच्या मजकुराच्या तयार साच्यात, रिकाम्या जागी, शेतकऱ्यांची नावं भरायचो. तानाजी "पैलवान" आले, की त्या अवतरणचिन्हांपाशीच नाव संपलं असं समजून कोड तुटायचा. टोपणनाव काढू म्हटलं, तर अडते अण्णा उसळले, "कुंडल गावात पाच तानाजी हायत रं!"

आज साचाच फेकला. आधी कोडचे भाग फांद्यांसारखे जोडून त्याचं झाड रचलं, नाव म्हणजे त्यातलं एक सुटं पान, आणि मग झाडावरून कोड छापला. अवतरणचिन्हं जशीच्या तशी, काहीच तुटलं नाही! हे आधी का नाही सुचलं मला?

लगेच अण्णांना फोन लावला. त्यांनी तो शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला दिला. भारदस्त आवाज आला, "माझ्या नावातला पैलवान काढनारा तूच व्हय रं?"